हेडलाइटला रिंग बसवताय? कमाई सीलमध्ये आहे

मीरा-भाईंदरमध्ये घरूनच हेडलाइटला एलईडी रिंग बसवून द्यायचा धंदा करायचाय ना? रिंग चिकटवणं सोपंच हो, खरी परीक्षा पुढची काच परत बसवताना. ती बहुतेक प्लास्टिकची. हीट गन जास्त लागली की वाकते. जुनं सीलंट पूर्ण खरवडून नवीन ब्युटाइल भरा, नाहीतर आपल्या पावसात आत पाणी धरतं आणि अख्खा हेडलाइट तुमच्या खिशातून जातो! म्हणून सीलंट आणि पाण्याच्या पाइपखालची टेस्ट दरातच धरा.

आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा: बदल नियमात बसला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-एखाली गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, कैदसुद्धा होऊ शकते. लाल-निळी रिंग मागितली, तर सरळ नाही म्हणा.