हात लावून बघ

नेपरव्हिल, इलिनॉय
मे अखेर

चि. सई,

काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, गाडी बघितली, सगळं ठीक दिसतंय, शनिवारी निघतो." त्या 'दिसतंय'वर माझं मन अडकलं, म्हणून हे पत्र. मोटारहोम आणि ट्रेलर तुम्हाला दिले ते आनंदाने दिले. तुझे सासू-सासरे पुण्याहून आलेत, मुलांना सुट्टी लागतेय, यलोस्टोनला जायला याहून चांगली वेळ कुठली? पण जाऊन-येऊन तीन हजार मैल तरी होतील, आणि ही जोडी वर्षभर आमच्या आवारात उभी होती. उभ्या गाडीचे दुखणे वरून कळत नाही. त्याला हात लावावा लागतो, मोजावं लागतं.

सुरुवात ट्रेलरच्या टायरपासून कर. 2019 च्या ऑगस्टात मी आणि काका साउथ डकोटातून चाललो होतो. चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली, आणि तासाभरात मागून आलेला एक ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवू लागला. आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं. एवढ्या जड गाडीमागे ट्रेलरचा टायर फुटला तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. उतरून बघतो तर उजव्या टायरची साल सुटून लोंबत होती आणि तिच्या फटकाऱ्यांनी मडगार्ड फाटलं होतं. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नाही. भर उन्हात तीन तास मदतीची वाट बघत बसलो. मी त्या टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं, खाचा अगदी नव्यासारख्या खोल होत्या. मग काकांनी बाजूवरचा आकडा वाचला: 1411. म्हणजे 2011 सालचा चौदावा आठवडा. ट्रेलर आम्ही जुना घेतला होता. तो फारसा फिरला नव्हता म्हणून नक्षी शाबूत होती, पण आठ वर्षांत ऊन-थंडी खाऊन रबर आतून मेलं होतं.

टायरवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. कधीकधी ते आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा टॉर्च घेऊन खाली वाक. सध्याचे टायर आम्ही त्या प्रसंगानंतर घातलेले आहेत, त्यांनाही सहा वर्षं झाली. नक्षीकडे न बघता दोन्ही बदल, आणि स्टेपनीही. खर्च माझ्याकडून, यावर वाद नको. आणखी एक, ट्रेलरचे बरेच टायर ताशी 65 मैलांसाठीच बनवलेले असतात. साउथ डकोटात महामार्गावर 80 ची पाटी दिसेल. ती पाटी तुमच्यासाठी नाही, हे आमच्या जावयाला, अमेयला सांग.

टायर बदलतानाच चाकाची बेअरिंग उघडून साफ करून नवं ग्रीस भरून घ्या. हे वर्षातून एकदा व्हायलाच हवं, गाडी चालली असो वा नसो.

आता सामान. हा ट्रेलर आम्ही मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशे न्यायला घेतला होता, तुला आठवत असेल. ढोल भरले की तो छतापर्यंत गच्च दिसायचा, वजन मात्र बेताचं. तुमचं उलटं होणार आहे. सायकली, पाण्याची खोकी, बर्फाच्या पेट्या, खुर्च्या, जनरेटर. अर्धा ट्रेलर रिकामा दिसेल आणि वजनाची मर्यादा ओलांडलेली असेल. ही मर्यादा सगळं मिळून 2,990 पौंड आहे. त्यातले 1,300 च्या आसपास रिकाम्या ट्रेलरचेच गेले. त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे जे काही आत भराल ते मोटारहोमच्याच ब्रेकांनी थांबवायचं आहे.

जड वस्तू चाकांच्या आसाच्या किंचित पुढे, तळाला, आणि पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. हिचच्या बॉलवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पडला पाहिजे. मागे जड झालं की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि पुढची गाडी ओढून नेतो. फार पुढे भरलं तर मोटारहोमची शेपटी दबते, तिची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं वाटतं. सगळं भरून, माणसं बसवून, टाकीत पाणी घेऊन महामार्गावरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा वजन करून घ्या. पाण्याचंसुद्धा वजन होतं गं, एका गॅलनला आठ पौंडांहून जास्त. ट्रेलर कधी डुललाच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही. स्टेअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा. हे अमेयने आणि तू दोघांनी पाठ करा.

ट्रेलर जोडताना बॉलवरचा आकडा वाच. आपल्याला दोन इंची लागतो. पावणेदोनच्या वरचा, 1 7/8 इंचाचा, आमच्या गॅरेजमध्ये त्याच खोक्यात आहे आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच. लहान बॉलवर ट्रेलर बसतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. म्हणून कडी लावल्यावर जॅकने ट्रेलरचं तोंड वर उचलून बघ. मोटारहोमची शेपटी बरोबर वर आली तर नीट बसलंय. मग साखळ्या खालून फुलीसारख्या आडव्या बांध, आणि एकाला मागे उभं करून दिवे तपास.

मोटारहोमच्या मागच्या दुहेरी चाकांपैकी आतलं चाक नेहमी फसवतं. त्यात हवा नसली तरी बाहेरचं चाक भार पेलतं आणि वरून काही कळत नाही. व्हॉल्व्हला लांब नळी लावून ठेवली आहे. सकाळी, गाडी हलवायच्या आधी, सहाही टायरची हवा गेजने मोज, आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरचा आकडा प्रमाण मान.

पाण्याच्या नळ्यांमध्ये हिवाळ्यातलं गुलाबी द्रव्य आहे. नळाला स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू दे. हीटर भरल्याशिवाय त्याचं बटण मात्र दाबायचं नाही, कोरडा पेटवला तर कॉइल जळते. फ्रिज आदल्या दिवशीच चालू कर, तो सावकाश थंड होतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवरची मुदत वाच. पेट्रोल भरायच्या आधी सिलिंडरचा गॅस बंद. पातेल्यांच्या मध्ये फडकी घाल, नाहीतर प्रत्येक वळणावर भांडी वाजतील. कुकर विसरू नकोस. यलोस्टोनचं सरोवर 7,700 फुटांवर आहे, तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवत बसलीस तर सासूबाईंना रात्री दहाला जेवायला मिळेल.

बिगहॉर्नचे डोंगर ओलांडायला बफेलो गावाहून 16 नंबरचा रस्ता धरा. खिंड 9,666 फुटांवर आहे, पण उतार त्यातल्या त्यात सोसवणारा आहे. नकाशात '14 ए' मोहक दिसतो, पण त्याला 10 टक्क्यांचे उतार आहेत. बिनब्रेकच्या ट्रेलरसह तिकडे जाऊ नका, कितीही सुंदर म्हणोत. उतारावर आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि ऐन वेळी धरत नाही.

निघाल्यावर बेल्व्हिडिअरला थांबा. चहाची वेळ नसली तरी थांबा. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट पहिल्या पन्नासेक मैलांत सैल होतात. टॉर्क पाना दाराजवळच्या खणात आहे, किती घट्ट करायचं तो आकडा काकांनी त्याच्या डबीवर लिहिलाय. मग ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी तळहात टेकव, आधी जरा दुरून आच बघून. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल, तर बेअरिंगमध्ये दोष आहे. मग तिथून पुढे जाऊ नका, मला फोन करा. काही नसलं तरी फोन कर. मी त्या दिवशी सकाळी घरातच आहे.

तुझी,
मावशी