दामदुप्पट योजना : शेतकऱ्यानें कोणते प्रश्न विचारावे?

हळद शिजवून, वाळवून वसमत व हिंगोलीच्या बाजारांत विकली गेली, म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील बागाइतदाराच्या हातीं वर्षाची मोठी रक्कम एकदम येते. ती पुढील हंगामाचें बेणें, खत, मजुरी, सोसायटीचें देणें व घरचीं कार्यें यांसाठीं असते. तिला वाटा फुटण्यापूर्वींच्या थोड्या अवकाशांत ‘हा पैसा आमच्याकडे ठेवा, वर्षांत दुप्पट करून देतों’ असें सांगणारा मनुष्य दारीं आला, तर त्यास काय विचारावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम या धंद्याचें यंत्र समजून घेऊं. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं चार्ल्स पाँझी नांवाच्या इसमानें १९२० सालीं ४५ दिवसांत शेंकडा ५० नफा देण्याचें वचन देऊन लोकांचा पैसा गोळा केला. परदेशी टपालाच्या कूपनांचा आपला किफायतशीर व्यापार आहे, असें तो सांगे. हा दर खरा मानला तर वर्षांत आठ वेळां दीडपट होऊन १०० रुपयांचे अडीच हजारांवर रुपये होतात. इतका नफा देणारा व्यापार त्यापाशीं नव्हता. मागून आलेल्यांची ठेव तो आधीं आलेल्यांस नफा म्हणून वाटीत होता. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें हा सर्व डोलारा कोसळला. यावरून एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी : ‘अमक्यास पैसे मिळाले’ हा योजना खरी असल्याचा पुरावा नव्हे. खोट्या योजनेंतही आरंभीं पैसे मिळतातच. ते मिळाल्यावांचून ती चालतच नाहीं.

आपल्याकडे असल्या योजना पुष्कळदां शेतीचा वेष घेऊन येतात. तामिळनाडूंत पेरुंदुराई येथील सुसी एमू फार्म्स या संस्थेनें एमू पक्ष्यांची पिल्लें देऊन शेतकऱ्यांच्या ठेवी घेतल्या व दरमहा ठराविक रक्कम देण्याचें कबूल केलें. २०१२ सालीं ती कोसळली आणि पुढें तिच्या चालकास कैदेची शिक्षा झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आपल्या राज्यांत सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर येथून महारयत ॲग्रो या कंपनीनें कडकनाथ कोंबड्यांची योजना चालविली. सुमारें ७५ हजार रुपये भरणाऱ्यास २०० पिल्लें, खाद्य व औषध कंपनी देणार आणि अंडीं व पक्षी कंपनीच परत घेणार, असा तिचा घाट होता. २०१९ च्या ऑगस्टच्या सुमारास व्यवहार बंद पडला व फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. शेतकऱ्यांच्या दारीं पक्षी राहिले, पण ते घेणारा उरला नाहीं.

येथें कडकनाथ पक्ष्यास दोष देण्याचें कारण नाहीं. तो मध्यप्रदेशांतील झाबुआ भागाचा अस्सल देशी वाण असून त्याच्या मांसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. दोष हिशेबांत असतो. पिल्लू देणारा तोच अंडें घेणारा, आणि तोही बाजाराहून कितीतरी चढ्या दरानें, असें जेथें असतें, तेथें तीं अंडीं शेवटीं खातो कोण, हें पाहावें. खाणारा तो दर देत नसेल, तर अंड्यांचीं पिल्लें करून तीं नव्या ठेवीदारांस देणें एवढाच मार्ग राहतो. आतां हिशेब मांडूं. २०० पक्ष्यांत १०० माद्या धराव्या व प्रत्येकीचीं वर्षाचीं ८० अंडीं धरावीं. एकूण ८ हजार अंडीं झालीं. त्यांतून निम्मीं पिल्लें निघालीं तरी ४ हजार, म्हणजे २० नवे ठेवीदार हवे. दुसऱ्या वर्षीं ४००, तिसऱ्या वर्षीं ८ हजार, चौथ्या वर्षीं १ लाख ६० हजार आणि पांचव्या वर्षीं ३२ लाख! सन २०११ च्या खानेसुमारींत आपल्या सबंध जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. हा हिशेब एकाच शेतकऱ्यापासून निघालेल्या शाखेचा आहे. चालक प्रामाणिक असला तरी अशी योजना टिकणें शक्य नाहीं.

याच्या उलट हळदीचा बाजार पाहा. तेथें लिलावांत खरीददार अनेक असतात. भाव चढतो तसा पडतोही. आणि पैसा शेवटीं मसाला विकत घेणाऱ्या घरांतून येतो. भाव पडण्याचा धोका हा खऱ्या व्यापाराचा स्वभाव आहे. ज्या व्यवहारांत धोका नाहीं असें सांगतात, तेथें तो लपविलेला असतो.

जमिनीच्या नांवावरही असाच पैसा गोळा होतो. पर्ल्स अथवा पी. ए. सी. एल. या कंपनीनें जमीन देण्याच्या नांवाखालीं देशभरांतील सुमारें ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९ हजार कोटींवर रुपये जमविले. सेबीनें २०१४ सालीं ही रक्कम परत करण्याचा हुकूम दिला, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखालीं त्यासाठीं समिती नेमली गेली. लहान ठेवीदारांस परताव्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली.

म्हणून पैसा देण्यापूर्वीं पुढील प्रश्न विचारावे :

(१) माल शेवटीं कोण विकत घेतो? त्याची गांठ घेऊन त्याचा दर विचारावा. कंपनीखेरीज दुसरा खरीददार नसेल, तर तेथेंच थांबावें.

(२) ठेवी घेण्याची परवानगी कोणाची? कंपनीची नोंदणी म्हणजे ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. अनेकांचा पैसा एकत्र करून जमीन, बाग वा जनावरें यांत गुंतविणाऱ्या योजनेस सेबीची नोंदणी लागते. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्यानें बंदी आहे.

(३) ठेवीस विमा आहे काय? बँकांतील ठेवीस २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, त्यांत सहकारी बँकाही येतात. पतसंस्था व मल्टिस्टेट पतसंस्था यांतील ठेवीस हा विमा नाहीं. पाटीवरील नांव बँकेसारखें दिसलें तरी ही चौकशी करावीच.

(४) सांगणाऱ्यास काय मिळतें? नवा सभासद आणल्याबद्दल दलाली असेल, तर त्याच्या शब्दाचें वजन तेवढें कमी धरावें. हा मनुष्य बहुधा आपला मेहुणा, सोयरा अथवा गांवचा शिकलेला तरुणच असतो, व तोही पुष्कळदां फसलेलाच असतो.

(५) घाई कां? ‘उद्यां दर बदलेल’ असें म्हणणाऱ्यास आठ दिवस थांबावयास सांगावें. खरा व्यवहार आठ दिवसांनीं नासत नाहीं.

ज्यांचा पैसा अडकला असेल, त्यांनीं तो काढण्यासाठीं आणखी पैसा भरूं नये, व दुसऱ्यास आंत ओढूं नये. मूळ पावत्या व करारपत्रें हातचीं सोडूं नयेत. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा चालकांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद करतो. म्हणून अडकलेल्यांनीं एकत्र येऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लौकर तक्रार द्यावी. उशीर झाला तितकी मालमत्ता हलविली जाते. लाजेनें गप्प बसणें हें फसविणाऱ्याच्याच फायद्याचें आहे.

बुडालेली रक्कम एका हंगामाची असते, परंतु तिच्या पायीं सावकाराकडे गेलेली जमीन व तुटलेली सोयरीक पुढच्या पिढीपर्यंत भरून येत नाहीं. शेतकरी बंधूंनीं वरील पांच प्रश्न घरांतील बायकांमुलांसही वाचून दाखवावे. व त्यांपैकीं एकाचेंही समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पुढील हंगामाच्या बेण्याखताचा पैसा घराबाहेर जाऊं देऊं नये.