जीवाचे स्वतःशी बोलणे

विजनास बसलेला साधक एकटा असतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः गावात असतो त्यापेक्षा तो तेथे अधिक बोलत असतो. गावात निदान दुसऱ्याच्या बोलण्याने आपले बोलणे थांबते. झाडाखाली बसल्यावर मनाला अडविणारे कोणी नसते. तेव्हा स्वतःशी बोलावे की न बोलावे, हा प्रश्नच नव्हे. ते कशा रीतीने चालते आणि कोणाच्या साक्षीने, हे पाहावयाचे आहे.

स्वतःला ओळखण्याचा उपदेश अनेक दर्शनांत आहे. अर्थ मात्र सर्वत्र एक नाही. अद्वैतमतात या शोधाचा शेवट जीवब्रह्माच्या ऐक्यात होतो. आपल्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. म्हणून जीवाने आपल्या अंतरात कितीही खोल पाहिले तरी तेथे त्याला जीवच सापडावयाचा. हे ऐकून काहींना उणेपणा वाटतो. मला तर यात मोठे संरक्षण दिसते. आतून उठणारा प्रत्येक आवाज ईश्वराचा मानण्याची आपत्ती येथे टळते.

परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त, हा भेद आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो, चर्चेत वापरतो. स्वतःच्या मनाला तो क्वचितच लावून पाहतो. मन जेव्हा म्हणते, ‘माझा दोष नाही, प्रसंगच तसा होता,’ तेव्हा ते नित्यमुक्ताचा आव आणत असते. आणि ‘मी हा असाच, माझे काही व्हावयाचे नाही,’ असे म्हणते तेव्हा नित्यबद्धाचा. पहिली चूक चटकन ओळखू येते. दुसरी अनुतापाचा वेष घेऊन येते, आणि चांगले चांगले साधक तिला फसतात. अनुतापाने पाऊल पुढे पडते. या खेदाने मनुष्य जागीच बसून राहतो. पुढे पुढे त्याला त्या बसण्याची गोडीही लागते.

एक उदाहरण घेऊ. भिक्षुकाला एका दारी शिळी भाकरी मिळाली आणि मनात रोष उठला. विजनात मन सांगू लागते, ‘मला अन्नाची आसक्ती नाही, दात्याची अश्रद्धा पाहून वाईट वाटले.’ किती सोज्वळ वाक्य! त्याच अश्रद्धेने ताजी, ऊन भाकरी मिळाली असती तर रोष आला असता काय, एवढेच मनाला विचारावे. उत्तर लगेच येते. ते येऊ नये म्हणूनच तर मन इतके बोलत होते.

म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठून, विचारून, आणि भटोबासांकडून शोधून घेऊन. आपल्या दिवसाची हकीकत मात्र आपण एकाच साक्षीदाराच्या तोंडून ऐकतो, आणि तोच वादीही असतो. म्हणून प्रथम घडले तेवढेच सांगावे: कोणाला काय बोललो, काय घेतले, काय टाळले. ‘कारण’ हा शब्द त्यात येऊ देऊ नये.

या सर्वांच्या आधी स्मरण असावे. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांच्या स्मरणाने मन निवते, हे तर आहेच. शिवाय मोजण्याचे माप हाती येते. व्याधांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली विसावला, ही लीळा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेजारी, आज भिऊन आपल्याजवळ आलेल्या लेकराला किंवा गड्याला आपण काय बोललो, ते ठेवून पाहावे. निराळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही.

वासनिकांना विजन कोठून मिळणार, असे विचारले जाते. दुकानाची फळी लावल्यावर गल्ल्याचा हिशेब होतो, त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा यालाही पुरतो. ज्या गोष्टीविषयी मन तीन रात्री तेच ते समर्थन करीत राहील, ती मनापाशी ठेवू नये. गुरुजनांपुढे ठेवावी, आणि तीही घडली तशीच.