फाइलींची आवक-जावक : नोंद ठेवावी कशी, वाचावी कशी



नांदुऱ्याच्या बाजार समितीत माल विकला की आपण काटापट्टी मागून घेतो. तोंडी वजनावर कोणी विसंबत नाही. उसाच्या वजनाचा आकडा मात्र आता फाइलीतून काट्यावरून कार्यालयात आणि तिथून बँकेत जातो. ही ने-आण सांभाळणारं यंत्र म्हणजे सर्व्हर. ते प्रत्येक फेरीची एक ओळ लिहून ठेवतं. त्या वहीला 'लॉग' म्हणतात. आपल्या भाषेत ही आवक-जावक नोंदवहीच होय.

ओळ वाचायची कशी? 'एफटीपी' पद्धतीच्या एका प्रचलित नमुन्यात वेळ, समोरच्या यंत्राचा पत्ता, फाइलीचा आकार, तिचं नाव, दिशा आणि वापरणाऱ्याचं नाव येतं. शेवटचं अक्षर 'सी' असेल तर फाइल पूर्ण पोचली. 'आय' असेल तर अर्धवट राहिली. अर्धवट फाइल म्हणजे यादीतल्या शेवटच्या सभासदांचं वजन गायब! १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत; उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. तेव्हा खोळंबा कुठे झाला हे कळायला ही ओळच पुरावा ठरते.

म्हणून आम्ही सुचवतो :

१. सर्व यंत्रांची घड्याळं एकच वेळ दाखवावीत. नाहीतर आधी काय नि नंतर काय, हेच कळणार नाही.

२. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. सगळ्यांचं एकच खातं असेल तर जबाबदार कोण?

३. रोज नवी वही सुरू करून जुनी दाबून ठेवावी. डिस्क भरली की फाइलींची ये-जाच थांबते.

४. नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, आणि फाइली पाठवणाऱ्याला ती खोडता येऊ नये.

५. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार नोंदी १८० दिवस भारतातच जपायच्या आहेत. आम्ही म्हणू, हंगामाचं लेखापरीक्षण होईस्तोवर त्या मोडू नयेत.

६. दर आठवड्याला कोणीतरी त्या वाचाव्यात. अवेळी झालेला प्रवेश, वारंवार चुकलेला पासवर्ड, खोडलेली फाइल दिसली की लगेच विचारणा व्हावी.

आणखी एक. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. त्याऐवजी 'एसएफटीपी' वापरावी.

वार्षिक सभेत एवढं जरूर विचारा : मागच्या हंगामाच्या नोंदी कुठे आहेत, आणि त्या वाचतो कोण?