नमुना आणि नोंदवही

गिरगाव, मुंबई

चि. छकुली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. रसायनशास्त्राची पदवी पदरात पडल्यावर औषधांच्या कारखान्यात जावे की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोकरीसाठी अर्ज करावा, असा तुझा प्रश्न आहे. महापालिकेच्या जल खात्यात हयात घालवलेला मामा सरकारी चाकरीच्याच बाजूने कौल देणार, हे तू ओळखलेच असशील. तथापि नद्या तारण्याच्या आवेशाने त्या कचेरीत पाऊल ठेवू नकोस, कारण तेथे आवेशापेक्षा रीतीला अधिक मोल आहे.

आपल्या राज्याने हे मंडळ १९७० सालीच, म्हणजे केंद्राचा जलकायदा होण्याच्या चार वर्षे आधी, स्थापन केले. पुढे येथेही लागू झालेल्या त्या १९७४ च्या कायद्याचे एकविसावे कलम मुखोद्गत कर. सांडपाण्याचा नमुना घेताना कारखान्याच्या मालकास अथवा त्याच्या मुखत्यारास जागच्या जागी नोटीस दिली नाही, त्याने मागणी करूनही नमुन्याचे दोन भाग केले नाहीत, भांड्यावर मोहोर व सह्या झाल्या नाहीत, तर नाल्यातून प्रत्यक्ष विष वाहत असले तरी पृथक्करणाचा अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही.

पिण्याच्या पाण्याचे प्रकरण याहून नाजूक. लालबाग-परळच्या जुन्या चाळींत पाणी ठरावीक वेळीच येते. ते गेले की वाहिनीतील दाब ओसरतो आणि जेथे तडा असेल तेथून शेजारच्या गटाराचा अंश आत ओढला जातो. अशा नळाच्या जंतुपरीक्षेसाठी नेलेल्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असावे लागते. ते नसेल तर पाण्यातील उरलासुरला क्लोरीन प्रयोगशाळेच्या वाटेतही जंतू मारीत राहतो, आणि ज्या पाण्याने चाळीतली मुले आजारी पडायची तेच पाणी कागदावर निर्मळ ठरते.

हा खोटा निर्मळपणा हाताच्या अज्ञानाने जसा येतो, तसा वरिष्ठांच्या एका दूरध्वनीनेही येऊ शकतो. पहिल्यावर उपाय अभ्यासाचा, दुसऱ्यावर जागेवरच वेळ-तारखेसह लिहिलेल्या नोंदवहीचा. बदली चंद्रपुरास झाली तरी कुरकुर करू नकोस. कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्र यांच्या सान्निध्यात जे शिकशील, ते शीवच्या मुख्य कचेरीत फायलींवर शेरे मारून साधणार नाही. अर्ज अवश्य कर. मात्र न घेतलेल्या नमुन्याच्या अहवालाखाली सही मागितली जाईल, त्या दिवशी नकार लेखी दे, आणि त्याची नक्कल स्वतःजवळ ठेव.

कळावे. तुझ्या आईस आशीर्वाद सांग.

तुझा
मामा