बाप्पा रागावेल हं!

संध्याकाळची घाई. कुकर लावलेला, ऑफिसचा फोन कानाशी, आणि तेवढ्यात थोरल्यानं धाकटीचा खाऊ पळवलेला. अशा वेळी आपल्या सगळ्यांच्या तोंडून तेच निघतं, "बाप्पा बघतोय हं, रागावेल!" खाऊ परत मिळतो, आपणही सुटतो. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं!

आमच्याकडे सासूबाईंची पूजा रोजची, आणि नवऱ्याचा देवावर काडीचा विश्वास नाही. एकदा मुलीनं विचारलं, "बाबा देवाला नमस्कार करत नाही. मग तो वाईट आहे का?" तिचं तरी काय चुकलं? चांगलं वागायचं ते बाप्पासाठी, हे तिनं आपल्याकडूनच ऐकलेलं. त्या हिशोबात तिचा लाडका बाबाच अडकला होता. बिचारी खरोखर काळजीत पडली होती.

आपल्याला वाटतं, बाप्पाचा धाक काढला तर पोरं हाताबाहेर जातील. मुलं मात्र याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी असतात. अमेरिकेत लॅरी नूची आणि इलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञांनी सश्रद्ध ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या पवित्र दिवशी काम करू नये, हा नियम देवानं केलाच नसता तर? मग केलं तरी चालेल, असं बरीच मुलं म्हणाली. आणि देवानंच चोरी करायला सांगितली असती तर? तरी ती वाईटच, असं बहुतेकांचं म्हणणं. ज्याचं चोरलं त्याला त्रास होतो ना! ही देव मानणारी मुलं होती, हे विसरू नका.

म्हणजे दुसऱ्याचं दुःख त्यांना कळतं. आपण फक्त तिकडे बोट दाखवायचं. "बघ, तिचं तोंड कसं एवढंसं झालंय," एवढं म्हणायला बाप्पाचं नाव घेण्याइतकाच वेळ लागतो. दरवेळी सुचेल असं नाही. नाही सुचलं तर रात्री पांघरूण घालताना बोलावं.

बाबाबद्दलच्या त्या प्रश्नावर मुलीला मी आगरकरांबद्दल सांगितलं. देवाधर्माची कुठलीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय न मानणारा हा माणूस, मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षणाच्या कामात पडला. मग साने गुरुजींबद्दल. ते श्रद्धाळू, तरी 1947 साली पंढरपूरला उपोषणाला बसले, कारण विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता. "म्हणजे दोघंही चांगले?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिला एवढंच हवं होतं.

खरी अडचण आपलीच, मोठ्यांची. "झाली का घंटा वाजवून?" असं एकानं म्हणायचं, "तुझ्या बाबाला कोण सांगणार!" असं दुसऱ्यानं. आपण सहज बोलून जातो, पण नैवेद्याचा शिरा खाता खाता पोर ऐकत असतं, आणि आजी की बाबा, असा पेच त्याला पडतो. सासूबाईंशी हे बोलले. त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या नवऱ्याला सांग." सांगितलंय. घंटेवरची थट्टा निदान मुलीसमोर तरी थांबली आहे.