‘ड’ जीवनसत्त्व, जनुके आणि प्रकार १ मधुमेह : सहसंबंधाकडून कार्यकारणभावाकडे

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाचा निर्णय घेताना दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढे पुरेसे नसते. एकीमुळे दुसरी घडते काय, हे तपासावे लागते. ‘ड’ जीवनसत्त्व आणि प्रकार १ मधुमेह यांचा संबंध हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात ऊहापोह केला आहे.

विकाराचे स्वरूप

प्रकार १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. म्हणून यास स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. रुग्णास आयुष्यभर इन्सुलिन घ्यावे लागते. आनुवंशिक जोखमीचा सुमारे निम्मा भाग एचएलए जनुकसमूहाशी निगडित आहे. उर्वरित भाग अनेक जनुकांत विखुरलेला आहे.

जीवनसत्त्वाचा प्रवास

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलपासून ‘ड३’ तयार होते. यकृतात मुख्यतः सीवायपी२आर१ या विकरामुळे त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते. रक्ततपासणीत हेच मोजले जाते. मूत्रपिंडात सीवायपी२७बी१ हे विकर त्यापासून क्रियाशील कॅल्सिट्रायॉल बनवते, तर सीवायपी२४ए१ त्याचे विघटन करते. डीएचसीआर७ हे विकर त्वचेतील मूळ द्रव्यच कोलेस्टेरॉलकडे वळवते. या विकरांच्या जनुकांत व्यक्तिपरत्वे सूक्ष्म भेद असतात. त्यामुळे सारखेच ऊन व सारखाच आहार मिळूनही दोघांच्या रक्तातील पातळी भिन्न असू शकते. प्रतिकारपेशींतही या जीवनसत्त्वाचे ग्राही असल्याने मधुमेहाशी त्याचा संबंध असावा, असे मानण्यास आधार मिळाला.

पुराव्याचे तीन टप्पे

१) निरीक्षण : या विकाराचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या बालकांचा पाठपुरावा करण्यात आला. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पहिल्या वर्षी दररोज २००० आंतरराष्ट्रीय एकके ‘ड’ जीवनसत्त्व मिळालेल्या बालकांत, त्याहून कमी मात्रा मिळालेल्यांच्या तुलनेत, धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळला. तथापि, नियमित मात्रा देणारी कुटुंबे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात.

२) जनुकीय सहसंबंध : २०११ साली ब्रिटनमधील संशोधकांनी डीएचसीआर७, सीवायपी२आर१ व सीवायपी२७बी१ यांतील भेदांचा या विकाराशी संबंध दाखविला.

३) कार्यकारण चाचणी : जनुके गर्भधारणेच्या वेळीच, जणू सोडत काढून, वाटली जातात, नंतरचे उत्पन्न, राहणीमान वा आजार त्यांना बदलू शकत नाहीत. या तत्त्वावरील पद्धतीस मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात. अर्थशास्त्रातील ‘साधन चल’ पद्धतीचेच हे रूप होय. नैसर्गिक प्रयोगांवरील अशा कार्याबद्दल कार्ड, अँग्रिस्ट व इम्बेन्स यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र, निवडलेली जनुके केवळ ‘ड’ जीवनसत्त्वामार्फतच परिणाम करतात, हे गृहीतक खरे असावे लागते. त्याच वर्षी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर आधारित अशा अभ्यासात पातळीचा विकारावर मोठा परिणाम असल्याचे आढळले नाही. लहान परिणामाची शक्यता त्यामुळे नाकारली जात नाही.

भारतासाठी बोध

विपुल सूर्यप्रकाश असूनही भारतात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता व्यापक आहे. दूध व खाद्यतेलात हे जीवनसत्त्व मिसळण्याची मानके २०१८ च्या नियमांत निश्चित झाली. मुडदूस टाळणे व हाडांचे आरोग्य राखणे, एवढ्यावरही या धोरणाचे समर्थन होऊ शकते. मधुमेह टळेल असे आश्वासन त्याला जोडणे मात्र पुराव्यास धरून होणार नाही. प्रकार १ च्या बालकाला आज गरज आहे ती वेळेवर निदान, इन्सुलिन व रक्तशर्करा तपासणीच्या साधनांची. इन्सुलिन बंद पडल्यास त्याचा जीव धोक्यात येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या विकारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

सारांश, निरीक्षणाने प्रश्न उभा राहतो, जनुकांमुळे तो अधिक नेमका होतो आणि कार्यकारण चाचणीने खर्चाचा अग्रक्रम ठरविण्यास मदत होते. परीक्षार्थींनी कोणत्याही धोरणाचे मूल्यमापन करताना हा क्रम ध्यानात ठेवावा.